साहेब म्हणतात

झिंज, बहरीन
१४ नोव्हेंबर १९८०

ती. गोदाआत्यास,

साष्टांग नमस्कार. पडवीत पत्र ऐकायला बसलेल्या सगळ्यांनाही माझा नमस्कार सांग.

बाबा बरे आहेत. आज शुक्रवार, म्हणजे इथला रविवार, म्हणून निवांत लिहिते. मी पेम्बरटन साहेबांच्या ऑफिसात लागून दोन महिने झाले. ऑफिस अदलियात एका बंगल्यात आहे. बाबा साहेबांची गाडी चालवतात, त्यामुळे जाते-येते त्याच गाडीतून, पण साहेब गाडीत नसले तरच.

साहेब गोदामं आणि मजुरांच्या चाळी बांधतात. इंग्लंडात त्यांच्या मालकीचा एक फुटबॉल क्लब आहे. क्लब मालकीचा कसा असतो हे मला आधी कळलं नव्हतं. मैदान, कपडे, खेळाडू, सगळं साहेबांचं. सध्या ते आपलं आयुष्य पुस्तकात लिहीत आहेत. लिहीत आहेत म्हणजे सांगत आहेत. शॉर्टहँडमध्ये मी उतरवून घेते आणि टाइप करते. त्यांचे वडील कोळशाची घोडागाडी हाकायचे. साहेब तेराव्या वर्षी कामाला लागले. ऐकताना माणूस मोठा वाटतो.

हेमावहिनीला खास सांग: दत्तादादा मजेत आहे. हिद्दच्या कॅम्पमध्ये साहेबांनी मजुरांची क्रिकेटची टीम काढली आहे, आणि दत्तादादा तिचा मुख्य बोलर आहे. गेल्या शुक्रवारी त्याने सात गडी बाद केले. चुकले, सहा. एक धावबाद होता, तो बोलरच्या नावावर धरत नाहीत. साहेबांनी त्याला स्वतः नवे बूट दिले. त्यांना त्याच्याशी बोलायचं असलं की मला बोलावतात, कारण त्याला इंग्रजी येत नाही आणि हिंदी जेमतेम. मी दोघांच्या मधे उभी राहते आणि इकडचं तिकडे सांगते. तू शुद्धलेखन घालायचीस तसंच ते वाटतं. जे ऐकलं तेच, पदरचं काही नाही.

तुझी
सत्यवती

•

४ डिसेंबर १९८०

चि. सत्यवतीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, आणि पोचलं त्याच संध्याकाळी वाचलं. पडवी भरली होती. महादेव दुकान बंद करून आला. दत्तारामाचे बूट कुठल्या रंगाचे, हे हेमाला हवं आहे. ती स्वतः विचारणार नाही, म्हणून मी विचारते.

तुझं ते 'सात नव्हे, सहा' मी वाचलं नाही. सातच ठेवले. सगळी इतकी खूष होऊन बसली होती, एका गड्यावरून कशाला त्यांचा विरस करू? तू चार वर्षं माझ्यासमोर पाटी घेऊन बसलीस, तेव्हा मी तुला एक काना सोडला नाही, ते खरं. पण ती पाटी होती, ही पडवी आहे.

इथे सगळे म्हणतात, असा साहेब मिळायला नशीब लागतं. महादेवाने तर ठरवलंय की साहेब कधी हिंदुस्थानात आला तर त्याला वाडीत आणायचं आणि त्याचा सत्कार करायचा. मी म्हटलं, आधी त्याला बसायला खुर्ची आण. महादेव म्हणाला, शाळेतली आणू.

तुझं अक्षर लहान झालंय. ताप यायचा तेव्हा तू असं बारीक लिहायचीस. जेवतेस ना?

तुझी
आत्या

•

झिंज
२३ जानेवारी १९८१

आत्या, नमस्कार. हे पत्र टपालाने नाही, ताहिरभाईंच्या हाती आहे. ते आमच्या ऑफिसात क्लार्क, रत्नागिरीचे, रजेवर निघालेत. पडवीत वाचू नकोस. आधी दार लाव.

दत्तादादाचे बूट पांढरे आहेत, तळव्याला खिळे. हे एवढं हेमावहिनीला सांग. बाकीचं तुझ्यापुरतं.

पहिल्या पत्रात मी साहेब मोठा माणूस वाटतो असं लिहिलं. तेव्हा वाटत होता. आता नाही. तो संत्रं खातो आणि चोथा परत बशीत टाकतो. ती बशी माझ्या वहीशेजारी असते, त्यातलं पाणी कागदापर्यंत येतं. पण बशीचं काय, लोक खातात कसेही. मला किळस येते ती तो बोलतो त्याची.

गेल्या आठवड्यात त्याने आपल्या क्लबची गोष्ट सांगितली. एका मोठ्या सामन्याच्या आधी त्यांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, खेळवू नका. साहेबाने गुडघ्यात सुई देववली, दुखणं बधिर झालं, तो खेळला, क्लब जिंकला. तो पोरगा पुन्हा सरळ चालला नाही. हे इतरांना कळायच्या आत साहेबाने त्याला दुसऱ्या क्लबाला विकलं. 'विकलं' हा त्याचाच शब्द. सांगताना तो हसत होता. मग म्हणाला, घोडा लंगडायच्या आत विकावा, हे मी वडिलांकडून शिकलो. आणि हे वाक्य नीट घे, प्रकरणाच्या शेवटी घालू. मी नीट घेतलं. स्वच्छ टाइप केलं. टाइप करताना मला स्वतःच्या बोटांची शिसारी आली.

आता दत्तादादाचं. दोन शुक्रवारांपूर्वी झेल घेताना त्याच्या उजव्या मनगटावर चेंडू बसला. मनगट सुजलं. साहेबाने इंग्लंडातून आपल्या क्लबाचा मालिशवाला आणून ठेवलाय, त्याच्याकडे सुयांची पेटी असते. साहेब मला म्हणाला, 'त्याला सांग, नुसतं मुरगळलंय, सुई घेतली की बरं वाटेल.' मी सांगितलं. मला खोटं वाटलं नाही म्हणून सांगितलं, हे तुला पटतं ना? दत्तादादाने विचारलं, 'मुरगळच ना, बाय?' मी म्हटलं, 'साहेब म्हणतात तसं.' तो सुई घेऊन खेळला आणि टीम उपांत्य सामना जिंकली.

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. मद्रासी आहेत, भले आहेत. साहेब जागेवर नव्हता. डॉक्टर मला म्हणाले, एक्स-रे आला, मनगटातल्या लहान हाडाला तडा आहे. या हाडाला रक्त कमी पोचतं. प्लास्टर घालून हात स्वस्थ ठेवला नाही तर ते मरतं. मग त्या हाताने काही उचलता येणार नाही. आत्या, दत्तादादा गवंडी आहे. त्याचा तो हात थापीचा आहे.

मी जसंच्या तसं साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, 'ठीक. पोराला सांग, मुरगळ आहे. फायनलनंतर बघू.' फायनल २७ फेब्रुवारीला आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या साहेबाशी त्याने पैज लावली आहे, हरणाऱ्याने आपला घोडा द्यायचा. तोवर दत्तादादाला त्याने हलकं काम दिलं आणि कबूल केलं की जिंकलात तर धाकट्या भावाचा व्हिसा.

मी दत्तादादाला म्हटलं, 'साहेब म्हणतात, मुरगळ आहे.' एवढंच. मला वाटलं, 'साहेब म्हणतात' एवढं पुढे जोडलं की ते माझं नव्हे. कॅम्पमधून परत येताना गाडीत मला तेच दोन शब्द सारखे ऐकू येत होते. त्याने साहेबाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, माझ्याच तोंडाकडे पाहिलं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'आपली खोली त्याची, गाडी त्याची, दोघांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. तू टाइप कर.' आणि रेडिओ लावला.

मी काय करू ते लिही. लवकर लिही.

सत्यवती

•

८ फेब्रुवारी १९८१

चि. सत्यवतीस,

ताहिर स्वतः येऊन पत्र देऊन गेला. चहा घेतला, दोन विनोद केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, 'मावशी, उत्तर जरा सांभाळून लिहा.' मी दार लावून वाचलं.

पोरी, तू जे ऐकलंस ते सांगितलंस. यात तुझं काही चुकलं नाही. खोटं बोलला तो साहेब, त्याचं पाप त्याला. दत्ताराम काही कुक्कुलं बाळ नाही, दुखत असेल तर त्यालाही कळत असेल. शिवदास, तुझा बाप, म्हणतो त्यात अर्थ आहे. त्याने अकरा वर्षं तिकडे काढलीत ती कशी काढलीत, ते तो बोलत नाही. उद्या दोघं परत आलात तर इथे काय आहे, तुला ठाऊक आहे.

हेमाला मी बुटांचा रंग सांगितला. ती हसली. भावाच्या व्हिसाचं दत्तारामाने आधीच कळवलंय, दीर बॅग घेऊन आला आहे. हिरवी.

सामना एकच राहिलाय म्हणतेस. तो होऊन जाऊ दे. मग डॉक्टरला सांगून प्लास्टर घाल.

फार विचार करू नकोस. तुला तो लहानपणापासून सोसत नाही.

आत्या

•

झिंज
१ मार्च १९८१

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मुद्दाम टपालाने पाठवते आहे. पडवीत सगळ्यांसमोर वाच, हेमावहिनीला पुढे बसव, आणि एक अक्षर गाळू नकोस.

तुझं पत्र वाचलं. तीन वेळा वाचलं. ते तुझंच अक्षर आहे का, हे पाहायला दिव्याजवळ नेलं. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

परवा फायनल होती. हिद्दला समुद्रात भर घालून केलेली जमीन आहे, तिथे कडक वाळूवर सामने होतात. साहेब लोक तंबूत, मजूर उन्हात. बायका दोनच, एक दुसऱ्या साहेबाची मडम, एक मी. सामना सुरू व्हायच्या आधी साहेबाने मला हाक मारली. आमची गाडी तंबूमागे उभी होती, तिच्या बॉनेटवर पेटी उघडून मालिशवाला सुई भरत होता. दत्तादादा बाही वर करून उभा. साहेबाने त्याचा दंड चाचपला, आपण बाजारात बैल बघतो तसा, आणि मला म्हणाला, 'सांग त्याला, मुरगळ जवळजवळ बरी झाली आहे. एक सुई, एक सामना, आणि भाऊ पुढल्या महिन्यात इथे.' त्याच्या मिशीत संत्र्याचा धागा अडकला होता. सांगायचं नव्हतं, पण ते दिसत होतं आणि मला तिथून नजर काढता येत नव्हती.

मी दत्तादादाकडे बघून मराठीत म्हटलं, 'दादा, मुरगळ नाही. मनगटातलं हाड तडकलंय. डॉक्टरांनी मला महिन्यापूर्वी सांगितलं. आज सुई घेऊन बोलिंग केलीस तर पुन्हा थापी धरता येणार नाही.'

साहेब शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी त्याचंच बोलते आहे असं वाटून हसतही होता.

दत्तादादा म्हणाला, 'साहेब असं म्हणतो?'

'साहेब म्हणतो मुरगळ. मी सांगते ते डॉक्टरांचं.'

'महिन्यापूर्वी?'

'हो.'

'आणि तू आता सांगतेस.'

'आता सांगते.'

त्याने ते मनगट दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाला, 'आमच्या भावाने बॅग घेतली आहे, बाय.' त्याने बाही खाली केली, बटण लावलं, आणि साहेबाला म्हणाला, 'नो, साब. मफी.' मफी म्हणजे नाही, हे इथे साहेबालाही कळतं.

दत्तादादाशिवाय टीम हरली. काल त्याचा व्हिसा रद्द केला. तिकीट ५ तारखेचं आहे. डॉक्टरांनी कंपनीला न विचारता प्लास्टर घातलं आहे. ते सहा आठवडे तरी काढायचं नाही. प्लास्टरवर कॅम्पमधल्या पोरांनी बॉलपेनने नावं लिहिली आहेत, त्यात ताहिरभाईंनी रजेवरून आल्या आल्या 'यल्ला, घरी', म्हणजे चला घरी, असं लिहिलंय.

हे सगळं वाडीत कळायला हवं. तो हरून नाही आला.

सत्यवती

•

२२ मार्च १९८१

चि. सत्यवतीस,

पत्र यायच्या आधी दत्ताराम आला होता. हातात प्लास्टर, दुसऱ्या हातात पिशवी. त्याने घरी सांगितलं होतं की साहेबाने खूष होऊन लांबलचक रजा दिली. सगळ्यांनी मानलं. भाऊ रोज विचारतो, माझे कागद कधी.

मग तुझं पत्र आलं. मी ते आधी एकटीने वाचलं आणि कपाटात ठेवलं. तीन दिवस महादेव विचारत होता, गल्फचं पाकीट आलं ना, पोस्टमन म्हणाला. चौथ्या दिवशी मी पडवीत बसले. तुझी आज्ञा होती म्हणून नव्हे. तू माझं अक्षर दिव्याजवळ नेलंस, ते मला सोसलं नाही.

एक अक्षर गाळलं नाही. दिव्याचंही वाचलं. महिन्यापूर्वी वगैरेही वाचलं. दत्ताराम खांबाला टेकून बसला होता. वाचून झाल्यावर भाऊ उठून गेला, तो अजून दत्तारामाशी बोलत नाही. माझ्याशीही नाही. हेमा माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'आत्या, हे तुम्हाला फेब्रुवारीतच माहीत होतं?' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'मी बुटांचा रंग विचारत होते.' त्यानंतर ती पडवीत आलेली नाही. तिचं बरोबर आहे.

दत्ताराम मात्र दुसऱ्या दिवशी आला. तुला एक विचारायचं आहे म्हणाला. 'मी नको म्हटल्यावर साहेबाने बायला काहीतरी विचारलं, ती काहीतरी बोलली, आणि सगळे गोरे हसले. एकाने कोंबडीसारखे हात हलवून दाखवले. ती काय बोलली तेवढं विचारा.' तुझ्या पत्रात ते नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

आत्या

•

झिंज
१० एप्रिल १९८१

ती. आत्यास,

नमस्कार. दत्तादादाला सांग, त्याने विचारलं ते रास्त आहे.

साहेबाने मला विचारलं, हा का नाही म्हणतो? मी खरं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की मी त्याचं बोलणं पोचवलं नाही. मी घाबरले आणि म्हटलं, 'तो सुईला भितो.' त्यावर ते हसले. मी स्वतःला वाचवलं आणि भित्रा त्याला ठरवलं. पडवीत वाचायच्या पत्रात मला ते लिहवलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात साहेब पुस्तकाचं बहरीनचं प्रकरण सांगायला बसला. फायनलपर्यंत आला. म्हणाला, 'माझा उत्तम बोलर सुई बघून पळाला. या लोकांत ताकद असते, पण काळीज नसतं. उतरव.' मी पेन्सिल वहीवर टेकवली, पण लिहिलं नाही. तो थांबला. मी म्हटलं, 'सर, तो सुईला भ्याला नव्हता. ते मी म्हटलं. त्याच्या हाडाला तडा होता हे मी त्याला तुमच्यासमोर मराठीत सांगितलं, आणि तुम्ही मान हलवत होता.'

मला वाटलं तो ओरडेल. तो हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. म्हणाला, 'माझ्या नाकासमोर? शाबास. तुझ्यात माझं रक्त आहे, मुली. मीही हेच केलं असतं.' आणि मला संत्र्याची फोड दिली. आत्या, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती फोड त्याच्या बशीत ठेवली आणि म्हटलं, 'नाही सर. तुम्ही केलं नसतं.' त्याचं हसणं हळूहळू बंद झालं. मग त्याने बाबांना आत बोलावलं आणि गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितलं.

आम्ही दोघं १७ तारखेला निघतो आहोत. हे पत्र आणि आम्ही, कोण आधी पोचेल सांगता येत नाही.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल सामान बांधत होते. रेडिओ गोधडीत गुंडाळताना मला म्हणाले, 'दोरी धर.' मी धरली. गाठ मारता मारता म्हणाले, 'त्याच्या गाडीतला चोथा मी अकरा वर्षं हाताने उचललाय.' त्यावर आणखी एक गाठ मारली. मग म्हणाले, 'फायनलच्या दिवशी गाडीची काच खाली होती.'

मला आधी कळेना. ते गाडीतच, बॉनेटपासून दोन हातांवर बसले होते. आम्ही बोललो तो शब्द न् शब्द त्यांना मराठीत ऐकू गेला होता, आणि हे सहा आठवडे ते मला काही न दाखवता रोज ऑफिसात सोडत होते आणि परत आणत होते.

मी म्हटलं, 'बाबा, मग तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?'

ते म्हणाले, 'तू बोलत होतीस ना.'

सत्यवती